पिकेटसाहेबाच्या बाह्या

आमच्या ह्यांना काम सोडून सगळं येतं. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात हे माझ्या लक्षात आलं आणि त्यानंतरच्या अडतीस वर्षांत मत बदलावं असं एकदाही काही घडलं नाही. नाव वासुदेवराव. आम्ही भावसार, धंदा शिंप्याचा, म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात पाच पिढ्यांचं दुकान. बाहेरच्या पाटीवर ह्यांचं नाव आहे आणि आत मशिनी दोन आहेत. एकीवर मी ब्लाउज शिवते. दुसरीवर हे पेपर पसरतात.

दुकानाला खिडकी नाही. उजेड येतो तो दारातून, आणि दारात स्टूल टाकून हे बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून बोलत असतात. "अहो, सरका जरा, दोरा ओवायचाय," हे वाक्य मी देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारलं असेल. ते वीतभर सरकतात आणि बोलता बोलता पुन्हा तिथेच येतात.

बोलायला विषय एकच. पिकेटसाहेब.

त्याचं असं आहे की ह्यांचे खापरपणजोबा निवृत्तीराव. त्यांच्या काळात, सत्तावन्नच्या बंडाच्या तीन वर्षं आधी, अमेरिकेतून एक गोरा म्हैसुरात आला. हायरम पिकेट त्याचं नाव. मॉर्मन म्हणून त्यांचा एक ख्रिस्ती पंथ आहे, तेव्हा नवाच निघालेला. त्याचे प्रचारक खिशात दमडी न घेता गावोगाव हिंडायचे, कुणी देईल ते खायचे, कुणी म्हणेल तिथे झोपायचे. इथल्या साहेबलोकांनी त्याला दारात उभं केलं नाही. आमच्या घराने सात महिने ठेवून घेतलं. जाताना तो आपली कागदपत्रं एका लाकडी पेटीत भरून इथे ठेवून गेला, तो परत काही आला नाही. एवढं खरं आहे. बाकीचं सगळं ह्यांनी शिवलं. आयुष्यात तेवढंच शिवलं.

ह्यांच्या गोष्टीत निवृत्तीराव साहेबाचे गुरू होतात. साहेब त्यांच्या पायाशी बसून अभंग ऐकतो, रडतो, धर्म शिकवायचा सोडून शिकायला लागतो. मी नवीन नवरी असताना साहेब नुसता रडायचा. मुलगी सिंचना झाली तेव्हा तो विठ्ठलाच्या देवळात टाळ वाजवायला लागला होता. तिचं लग्न होऊन ती बंगळूरला गेली तोवर निवृत्तीरावांनी त्याच्याशी भर राजवाड्यात वादविवाद करून त्याला हरवलं होतं. अय्यो, मी म्हणते, दर पाच वर्षांनी माणूस घर रंगवतो, ह्यांनी खापरपणजोबा रंगवले.

आणि ऐकणारे भेटतात हो. गोकुलममध्ये योग शिकायला येणारे ते परदेशी लोक, खांद्याला चटईची गुंडाळी, त्यांतला एखादा बटण लावून घ्यायला मंडीत चुकून आला की हे त्याला सोडत नाहीत. भिंतीवर लक्ष्मीच्या तसबिरीच्याही वर एक चौकट आहे, तिच्यात साहेबाच्या हातचं एकमेव सुटं पान. ते निवृत्तीरावांना दिलेलं प्रशस्तिपत्र आहे, असं हे सांगतात. उदबत्तीच्या धुराने काच तपकिरी झाली आहे आणि चौकट इतकी उंच आहे की अक्षर कुणाच्या बापाला दिसणार नाही. एकदा अशाच दोघा परदेश्यांना घेऊन हे बेट्टदपुरच्या डोंगरावर गेले, साहेबाने तिथे प्रवचन केलं होतं हे दाखवायला. वरच्या देवळापर्यंत चढतील तर शपथ. चाळिसाव्या पायरीवर बसले आणि प्रवचन इथेच झालं म्हणून सांगितलं.

पेटी मात्र ह्यांनी कधी उघडली नाही. वडील सांगून गेले होते की जपा, म्हणून हे जपत बसले. दुकानाच्या कोपऱ्यात पाटावर पेटी, तिच्यावर भगवं कापड. दसऱ्याच्या आयुधपूजेला सगळे भावसार कात्री, टेप, मशीन पुजतात. आमच्याकडे आधी पेटी. हळद, कुंकू, झेंडू आणि झाकणाच्या फटीवर पंचामृताचे पाच थेंब. हे दर वर्षी, न चुकता. मशीनला तेल घालायचं मात्र ह्यांना कधी आठवलं नाही.

आता सासूबाईंचं सांगते. बाई कमी बोलायची. मी शिवायला बसले त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एक खादीची पिशवी दिली. आत कापलेले जाड कागद होते, बाहीचे, गळ्याचे, कॉलरचे, खिशाच्या झाकणाचे. शिंप्याच्या घरात कोणताही कागद वाया जात नाही. लग्नपत्रिका असो की कॅलेंडर, त्याचा नमुना कापून खिळ्याला लटकतो, कापड कापताना त्याच्यावरून खडूने रेघ मारायची. पण हे कागद वेगळे होते. चिंधीसारखे मऊ, ओढले तरी फाटत नव्हते. त्यांच्यावर तपकिरी शाईत बारीक इंग्रजी लिहिलेलं आणि त्या लिहिण्यावर पेन्सिलीने गिऱ्हाइकांची मापं. सासूबाई म्हणाल्या, हे माझ्या सासूने मला दिले, तिला तिच्या सासूने. बायकांच्याच हातात राहिले आहेत. मग त्यांनी जे सांगितलं ते मी कधी विसरले नाही: "पुरुषांना सांगू नकोस. कळलं तर पूजा करत बसतील."

मी नाही सांगितलं. ह्यांनी विचारलंही नाही. अडतीस वर्षं ह्यांच्या डोक्यावर वीतभर उंचीवर ते कागद खिळ्याला लटकत होते. मान वर करून बघितलं असतं तर पुरे होतं.

मागच्या वर्षी आमच्या नशिबात यशोधन आला. पुण्याचा, इथे सॉफ्टवेअर कंपनीत, राहायला गोकुलममध्ये. नोकरीतून उरलेल्या वेळात गळ्यात कॅमेरा घालून जुनी घरं बघत फिरतो आणि जे दिसेल त्याला हेरिटेज म्हणतो. आमच्या नळालाही म्हणाला. आला होता कुर्त्याच्या बाह्या आखूड करून घ्यायला, आणि सापडला ह्यांच्या तावडीत. त्याच्या तोंडून शुद्ध पुणेरी मराठी ऐकली की हे विरघळतात, कारण आमच्या तोंडात अर्धं कन्नड. तो ह्यांना काका म्हणतो, मला काकू. मुलगा वाईट नाही. फक्त त्याला प्रत्येक गोष्ट अद्भुत वाटते, आणि असल्या माणसाची ह्यांच्याशी गाठ पडू नये.

दोघांनी मिळून बेत केला. दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्हा भावसारांच्या विठ्ठल मंदिराच्या कमिटीतल्या माणसांसमोर पेटी उघडायची. मग दुकानाचं स्मृतिदालन करायचं. एल्डर पिकेट स्मृतिदालन. एल्डर म्हणजे त्यांच्या पंथातला प्रचारक, हे यशोधनने शोधून काढलेलं. काचेची कपाटं, दिवे, पाहुण्यांची वही. दारात बसून माहिती सांगायला वासुदेवराव. म्हणजे आत्ता जे करतात तेच, वर पाटी.

आणि माझी मशीन? ती मागे, जिन्याखालच्या खोलीत. तिथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. माझं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. काळ्या कापडावर काळा दोरा मला दारातल्या उजेडातसुद्धा कसाबसा दिसतो. जिन्याखाली गेले की शिवण संपली, हे मला स्वच्छ कळत होतं. ह्यांनाही कळत असेल. मी म्हटलं, मग घर कशावर चालेल? हे म्हणाले, किती शिवशील अजून, आता विसावा घे. जन्मभर विसावा घेतलेल्या माणसाने मला विसाव्याचं सांगावं. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

शनिवारी सुतार येऊन कपाटाची मापं घेऊन गेला. जाताना भिंतीवरचे माझे खिळे उपटून गेला. नमुने सगळे कोपऱ्यात ढीग. दिवाळीचे ब्लाउज डोक्यावर, आणि कुणाचा गळा कुठे आहे ते मला सापडेना. मी ते वेचून वेचून पिशवीत भरले आणि पिशवी मशीनच्या पायाशी ठेवली. मशीन अजून जागेवरच होती. सोमवारी हलवायची होती.

रविवारी सकाळी कमिटीची सहा माणसं आली, पांढरे शर्ट घालून. हे नवीन धोतर नेसले होते. यशोधनने खिशातून पांढरे हातमोजे काढून हातात घातले. जुन्या कागदांना हाताचा घाम लागू नये म्हणून, असं त्याने सगळ्यांना समजावलं. मी माझ्या तेलकट बोटांकडे बघितलं. ह्यांनी नारळ फोडला. मग अर्धा तास भाषण. निवृत्तीराव, राजवाडा, टाळ, अश्रू, सगळं झालं. शेवटी कुलूप काढायला गेले तर कडीच हातात आली.

झाकण वर केलं. आत माती होती.

वाळवीची तांबूस, दाणेदार माती, काठोकाठ. वर्षानुवर्षांचं दूध, मध, साखर फटीतून आत गेलं होतं, पाट मागच्या ओल्या भिंतीला टेकलेला होता, वाळवीला आणखी काय हवं. यशोधनने मोजे घातलेल्या हाताने उकरून बघितलं. चामड्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि एक पितळी बक्कल निघालं. हे पुढे झाले आणि कोपरापर्यंत हात आत घालून चाचपायला लागले. एकदा, दोनदा. बाहेर काढला तर धोतरावर माती सांडली. मला दया आली का? आली. खोटं कशाला बोलू. पण ती फार वेळ टिकली नाही.

कमिटीतल्या एकाने कॉफीचं काय झालं म्हणून विचारलं. यशोधन घाईघाईने म्हणाला, काका, ते चौकटीतलं पान तरी आहे ना. स्टुलावर चढून त्याने चौकट उतरवली, काच पुसली, मोबाइलवर फोटो काढून मोठा केला आणि वाचायला लागला. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला. कमिटीवाले म्हणाले, मोठ्याने वाचा, मराठीत सांगा. बिचाऱ्याने सांगितलं. शर्ट दोन, पैकी एक फाटका. विजारी दोन. मोज्यांचा जोड एक, टाचेला भोक. टोपी, उंदराने कुरतडलेली.

ज्या पानाला आम्ही दर गुढीपाडव्याला हार घातला ते साहेबाच्या कपड्यांची यादी होतं. सहाच्या सहा माणसं हसली. शेवटी शिंपीच ती, त्यांना मोज्याचं भोक कळलं.

इथे गप्प बसता आलं असतं ह्यांना. मीही गप्प बसणार होते, देवाशपथ. पण ह्यांना दोष टाकायला जागा पाहिजे होती. वळले ते माझ्याकडे. सगळ्यांदेखत म्हणाले, "हिच्या चिंध्यांमुळे वाळवी लागली. म्हणून म्हणत होतो, मशीन मागे न्या." आणि यशोधनला सांगायला लागले की दालन तरीही करू, पेटी ठेवू, चौकट ठेवू, माहिती मी तोंडी सांगेन.

माझं डोकं फिरलं. मी पायाशी असलेली पिशवी उचलली आणि टेबलावर उपडी केली. म्हटलं, हातमोजे काढू नकोस, यशोधन. हे वाच.

पोरगं आधी बघतच राहिलं. मग एक बाही उचलून उजेडाला धरली. मग गळा. गळ्याच्या पानाला मधे भोक, त्यामुळे ओळी अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. मग खिशाचं झाकण. लग्नपत्रिका, कॅलेंडरं बाजूला केल्यावर साहेबाचे चौदा तुकडे निघाले. सगळे त्याच हातचे, त्याच शाईचे, तारखा घातलेले. त्याने विचारलं, काकू, हे कुठे होतं. मी भिंतीतल्या खिळ्यांच्या भोकांकडे बोट केलं.

हे म्हणाले, वाचा, निवृत्तीरावांचं काय लिहिलंय ते आधी वाचा. आवाजात जान आली होती पुन्हा.

यशोधनने एका कॉलरवरून वाचलं. हळूहळू, एकेक ओळ लावत. साहेबाने लिहिलं होतं: "शिंपी दिवसभर दारात बसून बोलतो. मी धर्म सांगायला आलो, पण हा मला तोंड उघडू देत नाही. चार महिन्यांत एकही माणूस माझ्या पंथात आला नाही. शिंप्याला वाटतं, त्यात माझीच चूक आहे. शिवते ती त्याची बायको."

ह्या खेपेला कुणी हसलं नाही. सगळ्यांनी एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा स्टुलाकडे, आणि मग चपला कुठे काढल्या ते शोधायला लागले. सात महिने काय, पाच पिढ्या हेच चाललं आहे, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

मग त्याने ती बाही घेतली. ती मी सगळ्यात जास्त वापरलेली, कडा चकाकत होत्या. "आज तिने पुन्हा खुणेने कागद मागितला," त्याने वाचलं. "मागच्या वेळी मी तिला जुलैची पानं दिली, त्यांत माझ्या तक्रारींशिवाय काही नव्हतं. तिने त्यांच्या बाह्या कापल्या. ह्या शहरात मी लिहिलेल्याचा उपयोग करणारी ती एकटीच. प्रवचनं पेटीत घालून शिंप्याला देईन, तो ती सांभाळील. रोजची पानं तिची. हेही पान शाई वाळली की तिला देणार आहे."

यशोधनने बाही टेबलावर ठेवली, दोन्ही हातांनी. म्हणाला, "काकू, म्हणजे हे कागद कायम तुमचेच होते."

मी विचारलं, तिचं नाव लिहिलंय का. तो सगळे चौदा तुकडे उलटसुलट करून बघून म्हणाला, नाही. शिंप्याची बायको, एवढंच. वा. सात महिने तिच्या हातच्या रागी मुद्द्या, नाचणीचे ते गोळे, खाल्ल्या, तिने फाटके शर्ट शिवून दिले असतील, आणि नाव विचारायचं सुचलं नाही. समुद्र ओलांडून माणसांच्या आत्म्याचं भलं करायला आला होता म्हणे. हाही आमच्या ह्यांच्यातलाच. सासूबाईंनी मला पिशवी दिली तेव्हा मीही कुठे विचारलं होतं, सुरुवातीच्या बाईचं नाव काय. ते मात्र मला लागलं.

कमिटी कॉफी न घेता गेली. यशोधनला ते कागद नीट ठेवायला हवे होते, कसल्याशा खास फायलीत. मी म्हटलं, नेऊ देईन, पण पुढच्या महिन्यात. आधी सगळ्यांवरून नवीन कागदावर रेघा मारून घेते, माझी दिवाळी आहे. आत्ता फोटो काढ. आणि संग्रह कुणाचा म्हणून जे लिहाल तिथे शिंप्याची बायको असं लिहू नकोस. माझं नाव लिही, कावेरी. त्याच्या आधी माझ्या सासूचं, वनजाबाईचं. ते त्याने मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं.

तो गेल्यावर मी हातोडी घेतली आणि खिळे परत ठोकले, जुन्या भोकांतच. सुताराला फोन करून सांगितलं, बेडा, नको कपाट, येऊ नको. नमुने लटकवले. मशीनवर बसले.

हे दारात स्टुलावर जाऊन बसले होते. धोतरावर माती तशीच. समोरून दोन ओळखीचे गेले, त्यांना थांबवलं नाही. अडतीस वर्षांत असं मी बघितलं नव्हतं. माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "आता मी लोकांना काय सांगू?"

मनात आलं, खरं सांगा, एकदा करून बघा. पण तेवढं शिकवायला मला वेळ नव्हता. हिरव्या कापडाचा ब्लाउज समोर होता आणि सुईचं भोक दिसत नव्हतं.

"आधी उजेडातून उठा," मी म्हटलं.

ते उठले. वीतभर सरकायच्या ऐवजी स्टूल उचललं, बाहेर फुटपाथवर नेऊन ठेवलं आणि तिथे बसले. उजेड सरळ मशीनपर्यंत आला. मी साहेबाची बाही कापडावर ठेवली आणि खडूची रेघ मारली.